मनगटावरची लाल चिंधी

जेवणं आटोपली होती. रत्नमालाचा थोरला भाऊ अप्पाराव पलंगावर लोडाला रेलून बडीशेप चघळत होता आणि एसटीत ड्रायव्हर असतानाची, घरच्यांना तोंडपाठ झालेली गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सांगत होता. रत्नमालाचा नवरा संघपाल त्याच्यासाठी पाणी आणायला स्वयंपाकघरात गेला. फळीवर चिवड्याची पिशवी होती आणि तिचं तोंड लाल चिंधीने बांधलेलं होतं.

संघपालने आधी चिंधीकडे पाहिलं, मग आपल्या डाव्या मनगटाकडे. मनगट रिकामं होतं.

“रत्ना, ही इथं कशी आली?”

“कशी म्हंजे? सकाळी मीच कापली की. तुम्ही फोनवर होते.” रत्नमाला भांडी आवरता आवरता म्हणाली. “कापड चांगलं हाय, फेकायचं कशाला, म्हणून बांधली पिशवीला. दादा येणार म्हणल्यावर हाताला लाल दोरा बांधून बसता का? लग्नाच्या पंगतीत कात्री मागणारा माणूस हाय तो.”

हे अगदी खरं होतं. अप्पाराव म्हणजे विहारातला जुना उपासक. गंडेदोरे त्याला खपत नसत. आपल्या माणसाच्या मनगटावर दोरा दिसला की तो आधी कापायचा आणि मग खुशाली विचारायचा. बहिणीच्या नवऱ्याला तो सोडणार नाही, हे रत्नमालाला पक्कं ठाऊक होतं, म्हणून तिने आधीच काम उरकून टाकलं होतं.

पण संघपालची चिंधी हा काही गंडादोरा नव्हता. ती शारजाहून आणलेली सवय होती.

वाळूजच्या कंपनीतली फिटरची नोकरी सोडून तो आखातात गेला, बोटींच्या यार्डात लागला आणि तिथून शर्यतीच्या बोटींच्या टीममध्ये शिरला. मागे टांगलेलं एक दांडगं इंजिन, पुढे एका माणसापुरती बसायची जागा आणि पाण्याला जेमतेम शिवत पळणारी हलकी बोट. तरुणपणाची सगळी वर्षं त्याने या कामात घातली. पंख्याच्या पात्याला कानशीने धार लावायची, अंगठा फिरवून ती पारखायची, सुरुवातीच्या रांगेत कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून बोटीचं शेपूट धरायचं आणि इशारा झाला की सोडून द्यायचं. बोट सुटली की तोंडावर पाण्याचा असा सपकारा बसायचा की क्षणभर जग दिसेनासं व्हायचं. घरी मोठ्यांना मात्र तो एवढंच सांगायचा, “बोटीचं इंजिन बघतो.” पडेगावात लोकांना वाटायचं, मासे धरायच्या बोटी असतील. त्यानेही कधी तो गैरसमज दूर केला नाही.

त्या बोटीत चालकाच्या अंगाला एक दोरी अडकवलेली असते. दुसरं टोक स्विचमध्ये. माणूस पाण्यात फेकला गेला की दोरी स्विचमधून निसटते आणि इंजिन जागच्या जागी बंद पडतं. सगळे तिला जीवदोरीच म्हणत. इंजिन तपासताना मात्र ती मेकॅनिकच्या आड येते, म्हणून तो स्विचची वायर तेवढ्यापुरती सोडून ठेवतो. आणि सोडलेली वायर बाहेरून दिसत नाही, हीच त्यातली मेख. दोरी दिसते, स्विच दिसतो, सगळं जिथल्या तिथे असतं. फक्त दोरी निसटली तरी इंजिनाला त्याचा पत्ताच लागत नाही.

म्हणून त्यांचा मुकादम लुका, एक तापट इटालियन, याने नियम केला होता. जो वायर सोडेल त्याने मनगटाला लाल चिंधी बांधायची. वायर जोडली की स्वतःच्या हाताने सोडायची. मनगट लाल असेल तर बोट पाण्यात जाणार नाही. मनगट मोकळं, तर बोट मोकळी.

संघपालची मुलगी प्रेरणा जिल्ह्याच्या बचाव पथकात बोट चालवायची. आखातातून परतल्यावर संघपालने घराशेजारी गॅरेज टाकलं होतं, पथकाची बोट दुरुस्तीसाठी तिथेच आली होती. सकाळी त्याने इंजिनाखाली पाण्याचं पिंप लावून ते चालवून पाहिलं. वायर सोडलेली, चिंधी हाताला. तेवढ्यात गिऱ्हाइकाचा फोन आला, तो बोलण्याच्या नादात असताना रत्नमाला कात्री चालवून गेली तरी त्याला कळलं नाही, मग अप्पाराव आला, चहा झाला आणि चहाचा कप खाली ठेवतो न ठेवतो तोच बोट न्यायला पिकअप दारात उभी. प्रेरणाने निघताना विचारलं, “पप्पा, झालं ना सगळं?”

त्याने मनगटाकडे पाहिलं. मोकळं होतं.

“झालं,” तो म्हणाला.

आता हे सगळं त्याला भांड्यांच्या आवाजात उभ्या उभ्या आठवलं. संध्याकाळी पैठणला नाथसागरावर पथकाचं प्रात्यक्षिक होतं. पाहुण्यांसमोर प्रेरणा पूर्ण वेगात बोटीने आठचा आकडा काढणार होती, आणि तिचा सहकारी सोमनाथ बुडणाऱ्या माणसाचं सोंग घेऊन पाण्यात तरंगत राहणार होता. आठच्या आकड्यात दोन वळणं. माणूस फेकला जातो तो वळणावरच.

त्याने फोन लावला. बंद. कामाच्या वेळी पथकातली पोरं फोन पिशवीत टाकतात. पथकप्रमुख शिवराजचा लावला. वाजून वाजून थांबला.

“अप्पा, गाडी काढा. पैठणला जायचंय.”

“आत्ता? दाजी, दोन घास खाल्लेत, जरा पाठ टेकू द्या की.”

“अप्पा, गाडी काढा!”

संघपाल असा कधी ओरडत नसे. अप्पाराव उठून चप्पल शोधू लागला. रत्नमालाने ओल्या हातांनीच दाराला कुलूप घातलं. निघताना संघपालने पिशवीची चिंधी सोडून खिशात कोंबली. चिवडा फळीवरून सांडला, तिकडे कुणी पाहिलं नाही.

अप्पारावने आयुष्यभर एसटी चालवली आणि एकदाही कुणाला धक्का लावला नाही, हे तो स्वतःच दर भेटीत सांगत असे. ते कसं जमलं हे त्याच्या शेजारी बसल्यावर कळायचं. सिग्नल हिरवा झाला तरी तो आधी दोन्हीकडे बघायचा. गतिरोधकावर गाडी अशी उतरवायचा, जणू डिकीत अंडी भरलीत. पाइपलाइनसाठी रस्ता उकरलेला होता, तिथे त्याने समोरच्या ट्रॅक्टरला, रिक्षाला आणि एका म्हातारीला आधी जाऊ दिलं. संघपालचा पाय नसलेल्या ब्रेकवर, नसलेल्या अॅक्सिलरेटरवर नाचत होता. वाऱ्याशी बरोबरी करणाऱ्या बोटी हाताळलेला माणूस, आणि आज त्याचा जीव बैलगाडीत अडकला होता.

“अहो, सांगाल का नाय, काय झालंय?” मागून रत्नमाला म्हणाली.

मग त्याने सांगितलं. वायर, दोरी, चिंधी, सगळं. आणि त्याच्यामागची गोष्टही सांगितली, जी त्याने आजवर बायकोलासुद्धा सांगितली नव्हती.

“लुकानं हा नियम काहून केला, सांगतो. एक शर्यत होती. आमच्या नाय, दुसऱ्या टीमच्या बोटीची वायर जोडायची राह्यली. तवाच्या बोटींना वरून झाकण नव्हतं. वळणावर बोटीनं गिरकी घेतली आन् पोरगा बाहेर फेकला गेला. पोहत होता तो. हात हलवत होता. आम्ही किनाऱ्यावरून बघतोय. पण इंजिन चालूच. रिकामी बोट सरळ जात नाय, रत्ना. गोल फिरते. त्याच्याभवती गोल फिरायला लागली, आन् दर फेरीला जवळ जवळ येत गेली. कुणाला पकडता येईना, कुणाला जवळ जाता येईना.”

“मग?”

“मग काय. गेली त्याच्यावरून.”

रत्नमालाने पदर तोंडाशी धरला होता. “आन् मी कापली,” ती एवढंच म्हणाली, आणि संघपालला तिची इतकी दया आली की त्याने मागे हात नेऊन तिचा गुडघा थोपटला. “तू दोरा कापला. वायर माझ्या हातातली होती,” तो म्हणाला.

अप्पारावने मान वळवली नाही. त्याने गिअर बदलला, हॉर्नवर तळहात ठेवला आणि बिडकीनच्या अलीकडे एकापाठोपाठ दोन ट्रक असे मागे टाकले की रत्नमालाने डोळे मिटून घेतले.

नाथसागराच्या काठावर मांडव घातला होता. मांडवात खुर्च्यांवर पाहुणे, पुढे माइक. संघपाल गाडी थांबण्याआधीच उतरला आणि धावत सुटला. इंजिनाचा आवाज त्याने मांडवामागूनच ओळखला. आवाज चढत होता. बोट पाण्यात होती आणि पहिलं वळण झालंही होतं. पाठीमागे फेसाचा मोठा बाकदार पट्टा उमटला होता, आणि मधोमध नारिंगी जाकिटातला सोमनाथ हेलकावे खात होता.

“शिवराजसाहेब, बोट थांबवा!”

“अहो, तुम्ही? आत्ता? प्रात्यक्षिक चालू हाय, पाहुणे बसलेत.”

“तिची दोरी खोटी हाय! थांबवा!”

शिवराजला काही उमजेना. वॉकीटॉकी बोटीत नव्हता, शिट्टी तिथवर पोचत नव्हती, आणि इंजिनाच्या आवाजात ओरडून उपयोग नव्हता. प्रेरणाने दुसऱ्या वळणासाठी बोट लांबवर नेली. संघपालच्या डोळ्यांसमोर तो जुना पोहणारा हात आला. त्याने चौफेर नजर फिरवली. काठावर पेट्रोलची जास्तीची टाकी ठेवलेली होती. लालभडक.

लहानपणी प्रेरणा फोनवर शर्यतीच्या गोष्टी ऐकल्याशिवाय झोपत नसे. बाकी सगळं ती विसरली असेल, पण एक गोष्ट तिला फार आवडायची. लाल झेंडा, लाल काहीही दिसलं की थांबायचं. जिंकत असलात तरी, शेवटच्या फेरीत असलात तरी. का, कशाला, हे मागाहून विचारायचं.

त्याने टाकी उचलली आणि बुटांसकट पाण्यात शिरला. गुडघे, मांड्या, कंबर. तशी त्याने टाकी दोन्ही हातांनी डोक्यावर धरली. आतलं पेट्रोल हिंदकळत होतं, दंड थरथरत होते, मागे माइकवर कुणीतरी “हे कोण गृहस्थ?” म्हणत होतं. बोट वळली. तिची एक बाजू उचलली गेली, प्रेरणा बाहेरच्या अंगाला झुकली, आणि संघपालने टाकी खाली येऊ दिली नाही.

आवाज उतरला. एकदम नाही, पण उतरला. बोटीचं तोंड पाण्यावर बसलं आणि ती हळूहळू काठाकडे येऊ लागली.

“पप्पा? काय झालं? आईला काय झालं का?” प्रेरणाच्या चेहऱ्याचा रंग उडाला होता.

“इंजिन चालू ठेव. न्यूट्रल कर. आता दोरी ओढ.”

“काहून?”

“ओढ.”

प्रेरणाने कमरेची दोरी हिसडली. टोक स्विचमधून निसटून तिच्या हातात आलं. इंजिन चालू होतं.

तिने हातातल्या दोरीकडे पाहिलं, मग इंजिनाकडे. पोहत काठाला आलेला सोमनाथ पाण्यातच उभा राहिला. इंजिन शांतपणे, नियमानं, बिनतक्रार चालत होतं. इतकं चांगलं इंजिन संघपालने बऱ्याच दिवसांत लावलं नव्हतं.

प्रेरणाने चावी फिरवून ते बंद केलं. ती ओरडली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

“रोज ओढून बघते मी, पाण्यात उतरायच्या आधी,” ती म्हणाली. “आज तुम्ही झालं म्हणलात, म्हणून नाय बघितली.”

टाकी कुणीतरी संघपालच्या हातातून घेतली. तो बोटीत चढून वायर जोडायला पुढच्या फळीखाली हात घालू लागला. “सरका,” म्हणून प्रेरणाने त्याला बाजूला केलं आणि स्वतः आडवी होऊन आत शिरली.

तेवढ्यात अप्पाराव पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात आला. त्याने संघपालच्या खिशातून डोकावणारी भिजलेली चिंधी काढली आणि ती त्याच्या मनगटावर गुंडाळली. तुकडा कापल्यामुळे आखूड झाला होता, गाठ बसेना. विहारात शेकडो मनगटं मोकळी केलेल्या त्या माणसाने दातांनी टोक ओढून गाठ मारली.

“वायर जुळंपर्यंत राहू द्या, दाजी,” तो म्हणाला. “मला हे आधी सांगितलं असतं तर मी रत्नाला कात्रीला हात लावू दिला नसता.”

वायर जुळली. प्रेरणाने दोरी लावली, इंजिन सुरू केलं आणि दोरी ओढली. इंजिन गप्प झालं. तिने पुन्हा लावलं, पुन्हा ओढलं. मग सोमनाथला ओढायला लावलं. मांडवातले पाहुणे चुळबुळत होते, शिवराज घड्याळ बघत होता, पण ती कुणाकडे बघत नव्हती.

संघपाल पुन्हा खाली उतरून बोटीचं शेपूट धरून पाण्यात उभा होता, जसा तो शारजात उभा राहायचा. निघण्याआधी ती एकदा विचारेल, झालं ना सगळं, पप्पा, असं त्याला वाटत होतं. तो वाट बघत राहिला.

तिने विचारलं नाही. दोरी कमरेला अडकवून तिने स्वतःच एकदा मान हलवली आणि बोट वळवली. हेच बरोबर आहे, त्याने स्वतःला सांगितलं, लुकाही हेच म्हणाला असता. तरी त्याचे डोळे भरून आले. त्याने शेपूट सोडलं. पाण्याचा सपकारा तोंडावर बसला, आणि चिंधी सोडायचं त्याच्या ध्यानातच आलं नाही.