फोन साहेबांना द्या

"काकू, घरात साहेब असतील तर फोन त्यांना द्या ना," कंपनीचा इंजिनियर म्हणाला, आणि सुतारकाकूंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

तीस वर्षं रंधा मारलेल्या बाईला हे ऐकावं लागत होतं. लाकूड कोरायचं जे छोटं मशीन बिघडलं होतं ते काकूंचं, पसंत त्यांनीच केलेलं. साहेब म्हणजे त्यांचा नवरा. लोकांच्या कपाटांना जन्मभर पॉलिश करून घरी बसलेला भला माणूस. त्याला मशीन सुरू कुठून होतं तेही ठाऊक नव्हतं.

"माझ्याशीच बोला. हत्यार पट्टीला टेकतं, पण मशीनला ते कळत नाही. दाबतच राहतं."

"वायर बघितलीत?"

"बदलली."

"मग हाताळण्यात चूक असेल. मी थोड्या वेळाने साहेबांशी बोलतो." फोन बंद.

काकूंनी शेवटच्या फळीकडे पाहिलं. अंध मुलांच्या शाळेसाठी नव्या इमारतीचा नकाशा कोरायचा होता. जिने, दारं, वर्ग, सगळं बोटांनी वाचायचं. रेघ कुठे खोल, कुठे उथळ गेली तर मूल दार समजून जिन्यावर जायचं. म्हणून मशीनने आधी फळीची उंची जागोजागी तपासायची. फळीवर पितळेची पट्टी, हत्याराला वायरचा चिमटा. हत्यार पट्टीला टेकलं की वीज वाहते, पडद्यावरचा ठिपका लाल होतो आणि मशीन थांबतं. ते थांबतच नव्हतं. दोनदा हत्यार पट्टीवरून घसरून लाकडात घुसलं, दोन फळ्या वाया गेल्या. सोमवारी मुलं येणार होती. तुम्हाला नाही जमलं तर छापील तक्ता लावू, असं शाळेने कळवलं होतं. अंध मुलांसाठी छापील तक्ता. काकूंनी कपाळाला हात लावला होता.

आता त्यांनी चिमटा हातात घेतला आणि पट्टीखाली जिथे वायर जोडलेली होती तिथे टेकवला. ठिपका लाल. वरच्या बाजूला टेकवला. काही नाही. पितळेतून वीज जात नाही म्हणजे काय? त्यांनी पट्टी खिडकीशी धरली. जरा जास्तच चकाकत होती. नखाने खरवडल्यावर पातळ पापुद्रा निघाला.

"अहो, इकडे या."

नवरा आला. "काळी पडायला लागली होती गं. गेल्या आठवड्यात वार्निशचे दोन हात दिले. छान बसलंय ना?"

"कोणी सांगितलं होतं?"

"मशीन बसवायला आला होता त्यानेच. साहेब, पट्टी काळी पडू देऊ नका म्हणाला."

काकूंना तो दिवस आठवला. दोन तास तो माणूस नवऱ्याला शिकवत होता आणि नवरा भिडेपोटी मान डोलावत होता. प्रश्न काकूंनी विचारले, उत्तरं नवऱ्याला मिळाली.

"हे मला कसं ऐकू आलं नाही?"

"तू चहा करायला गेली होतीस."

"कोणासाठी?"

"त्याच्याचसाठी," नवरा खालच्या आवाजात म्हणाला.

काकूंनी बारीक पॉलिशपेपर घेऊन पट्टी घासायला सुरुवात केली. स्वतःची कारागिरी उतरताना नवरा बघत राहिला. मग हत्यार खाली आलं, टेकलं, ठिपका लाल झाला आणि मशीन थांबलं. काकूंनी पट्टी पुढच्या जागी सरकवली. तिथेही थांबलं. नऊ जागा तपासून झाल्या आणि पहिली रेघ फळीवर उमटू लागली, तोच फोन वाजला. नवऱ्याने उचलला, "साहेब" एवढं ऐकलं आणि लगेच काकूंच्या हातात दिला.

"झालं दुरुस्त," काकू म्हणाल्या. "पट्टीवर वार्निश होतं."

"बघा, म्हटलं नव्हतं? मग मी वापरणाऱ्याची चूक असं नोंदवतो."

"नाही. जिचं मशीन तिला सोडून दुसऱ्यालाच शिकवलं, असं नोंदवा."

पलीकडे कीबोर्डची खटखट झाली. "काकू, आमच्या बिघाडांच्या यादीत तसं कारण नाहीये."

"मग आधी ते यादीत घाला," काकू म्हणाल्या. "मी थांबते फोनवर."