एका टॉवरने गप्प बसायचं

कुठल्या मोबाइल टॉवरने कधी बोलायचं, हे ठरवायचं काम म्हातारीच्या मुलाकडे होतं. "आई, दोन टॉवर एकदम बोलले, की मधल्या फोनला धड कुणाचंच ऐकू येत नाही. मग एकाला गप्प बसवतो."

"मग आधी तुझ्या बायकोला बसव की!" ती फटकन म्हणाली होती.

तो वारला, आणि महिन्याभरात सून लेकीला घेऊन माहेरी निघाली. दारात सासू-सून दोघी एकदमच ओरडल्या, "इकडे ये, बाळा!" मधे उभ्या पोरीने बापाचं हेल्मेट खाली टाकून कान झाकले.

आयुष्यभर कुणापुढे हार न गेलेल्या म्हातारीने ओठ घट्ट मिटून घेतले.

"चल, राणी," सून हळूच म्हणाली.

पोरीला आता नीट ऐकू आलं. ती आईकडे गेली.