एकशे बावीस

आमच्या मर्गिलान शहरातल्या मोहल्ल्यात नवराबायकोचं बिनसलं की दोघांना चहाखान्यात माझ्यासमोर आणून बसवतात. मी, होलमत-आका, म्हणजे होलमतदादा, समेट समितीचा म्होरक्या. बाईला माझं एकच सांगणं असायचं, "पोरी, जरा सोसायला शीक." अकरा जणींना मी असं समजावून घरी परत धाडलंय. छाती फुगवून सांगायचो हा आकडा. आता सांगताना मान वर होत नाही.

माझी बायको ओयदिन. तिचं ब्लडप्रेशर चार वर्षं चढलेलं. गोळ्या बदलल्या, मीठ बंद केलं, तरी उतरेना. डॉक्टरनं मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, असंच राहिलं तर एक दिवस अर्धं अंग लुळं पडेल. मी घाबरलो, आणि घरी येऊन तिच्यावरच ओरडलो, "चोरून लोणचं खातेस ना?"

ओरडणं म्हणजे माझं रोजचंच. नान करपला, ओरडा. दार उघडायला उशीर झाला, ओरडा. हात कधी उचलला नाही हो! तेवढ्यावर मी स्वतःला सज्जन समजत होतो.

वसंतात गुडघ्यांसाठी पंधरा दिवस आरोग्यधामात राहून आलो. दुसऱ्याच दिवशी सकाळी दोन शेजारी भेटायला आले. द्राक्षाच्या मांडवाखाली चहा चालला होता, तेवढ्यात नर्स हुल्कार आली. गल्लीतलीच पोर, रोज सकाळी ओयदिनचं प्रेशर मोजून जाते. तोंडाची मोठी फटकळ. पट्टा सोडून म्हणाली, "एकशे ऐंशी!"

"बघा!" मी शेजाऱ्यांना म्हटलं. "मी नसताना काय काय चापलं असेल हिनं! अगं, जीव नकोसा झालाय का तुला?"

हुल्कारनं वही उलटली. "आका, तुम्ही नसतानाचे आकडे वाचू? एकशे पंचवीस. एकशे वीस. एकशे बावीस. गोळी तीच. उलट पुलाव दोनदा खाल्ला त्यांनी. तुम्ही आलात कधी?"

"काल दुपारी आले," ओयदिन हळूच म्हणाली.

"काल सकाळी एकशे पंचवीस होतं," हुल्कार म्हणाली आणि वही मिटली.

माझी कानशिलं तापली. एका शेजाऱ्याला एकाएकी गाईचा चारा आठवला. दुसऱ्याकडे गायच नाही, तरी तोही उठला. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

सगळे गेल्यावर माफी मागायची होती. ती कधी मागितलीच नव्हती. मग किटली उचलली आणि अडतीस वर्षांत पहिल्यांदा तिच्यासाठी चहा ओतला. हात इतका थरथरत होता की वाडगा काठोकाठ भरला. आमच्याकडे माणूस हवा असेल तर अर्धाच वाडगा भरतात, म्हणजे तो पुन्हा मागतो, बसतो. काठोकाठ भरला की प्या आणि निघा.

तिनं भरलेल्या वाडग्याकडे बघितलं. "जाऊ म्हणता?"

"अगं नाही गं! हात थरथरला माझा."

तिनं सावकाश, तळ दिसेपर्यंत चहा प्यायला. "तुम्ही भरलात, मी प्यायले," ती म्हणाली. "कुवा गावाला जाते, मावजुदाकडे." मावजुदा आमची लेक. ओयदिन रागावली असती तर मी निभावलं असतं. पण तिला हायसं वाटलं होतं, चेहऱ्यावर दिसत होतं ते.

बोचकं मीच उचललं. चहाखान्यावरून जाताना कुणीतरी विचारलं, "होलमत-आका, वहिनी कुठं निघाल्या?"

"बरं व्हायला," मी म्हटलं.

महिना झाला. समिती सोडली. त्या अकरा जणींचं प्रेशर कुणी मोजलं असेल का, हे मनातून जात नाही. घर खायला उठतं. करपलेला नान मीच भाजतो, मीच खातो.

मावजुदाचा रोज फोन येतो. काल म्हणाली, "बाबा, आईला न्यायला कधी येताय?"

"आज आकडा काय?"

"एकशे बावीस."

मला ती हवी होती, लगेच, पहिल्याच बसनं. "मग राहू दे तिला," मी म्हटलं. "आणि सांग, महिनाभर मी एकदाही ओरडलो नाही."

पलीकडून मावजुदा म्हणाली, "ओरडणार कुणावर होतात, बाबा?"