ओ न देणारी खिडकी

मित्रांनो, मी एक जुनी खिडकी आहे, असे म्हणताना माझी जीभ अडखळते. खिडकी म्हणवून घ्यायचे, आणि निम्म्याहून अधिक आयुष्य भिंत होऊन काढायचे, याला काय म्हणावे?

या बैठ्या घराच्या दाराच्या उजवीकडे एक खरी खिडकी होती. डावीकडे आत सामानाची खोली. तिथे खिडकीची गरज नव्हती. पण वास्तुविशारद म्हणाले, "ही बाजू कोरी ठेवली तर घर काणं दिसेल. आर्किटेक्चर म्हणजे समतोल."

मग धडधाकट भिंतीवर चौकट ठोकून मला जन्माला घातले. रंगाऱ्याने माझ्यावर अर्धवट सरकवलेला पडदा रंगवला आणि कुंडीत एक फूल काढले. ते फूल कधी कोमेजले नाही. कोमेजायचे ते मीच कोमेजत होते.

मालक पाहुण्यांना समोरच्या फुटपाथवर नेऊन उभे करत. पाहुणे म्हणत, "वा, काय आर्किटेक्चर आहे!" उजवीकडची खरी खिडकी, माझी बहीण, बिचारी धूळ आणि ऊन खाऊन मळायची. मी कामच करत नव्हते, तर मळणार कशी? कौतुक माझ्या वाट्याला यायचे. मी खोटी आहे, हे मालकांनी बाहेरच्या कुणालाच सांगितले नव्हते.

पुढे नवरा गेल्यावर मालकांची थोरली बहीण, ताई, इथे राहायला आल्या. सामानाची खोली रिकामी करून त्यांना दिली. भरदिवसा तिथे दिवा जळत असे. भिंतीला कान असतात, त्यामुळे आतले सगळे मला ऐकू येई.

मालकांचा मुलगा कॉम्प्युटरवर काम करायचा. एकदा म्हणाला, "आत्या, आज डोकं चालत नाहीये. सगळ्या सिस्टिमचं आर्किटेक्चरच चुकलंय."

"त्यातही खोट्या खिडक्या असतात का रे?"

"असतात की. बटण दाबा, काही होत नाही. दिसतं मात्र झकास."

ताई हसल्या. मी कुठे तोंड लपवू?

खरी पंचाईत रस्त्याच्या बाजूला होती. शेजारच्या काकू येता-जाता माझ्यापाशी थांबून हाक मारायच्या, "ताई, बाजारात येताय का?" पडदा अर्धा उघडा, फूल टवटवीत, आणि आतून ओ नाही. भिंत जाड होती. मला ऐकू येई, पण ताईंपर्यंत काही पोचत नसे. हळूहळू गल्लीत बोलले जाऊ लागले, की बाई शिष्ट आहे. दुकानात बायका ताईंकडे पाठ फिरवू लागल्या. का, ते ताईंना कळेना.

शेवटी त्या भावाला म्हणाल्या, "मी वृद्धाश्रमात नाव घालते. इथं मी कुणालाच नकोशी झालेय."

"अगं, तुला इथं काय कमी आहे?" मालक म्हणाले.

ही बातमी गल्लीत पोचली, तशा काकू तरातरा घरात शिरल्या. "जाताय तर जा, पण एक सांगा. खिडकीतून एवढ्या हाका मारल्या, ओ द्यायला काय धाड भरली होती?"

"माझ्या खोलीला कुठली खिडकी?"

काकूंनी खोलीभर नजर फिरवली. चारही बाजूंना भिंती. त्या मटकन खाटेवर बसल्या. मागोमाग आलेले मालक पुटपुटले, "ते आर्किटेक्चर आहे."

"म्हणजे काय हो?" काकूंनी विचारले.

ताईच म्हणाल्या, "म्हणजे रस्त्यावरून बघणाऱ्यांचं घर. आत राहायचं मात्र आपण."

मालकांची मान खाली गेली. तरी ते म्हणालेच, "वास्तुविशारदांना विचारतो."

"विचार. पण इथं बसवून विचार."

म्हातारे झालेले वास्तुविशारद भरदुपारी येऊन बसले. मालकांनी विषय काढायच्या आत ताईंनी उठून दार लोटले आणि दिवा बंद केला. मिट्ट काळोख झाला. वास्तुविशारद हाताने भिंत चाचपत राहिले. मग त्यांचा आवाज आला, "दिवा लावू नका. मिस्त्रीला बोलवा आणि फोडून टाका."

माझी भिंत पडली. पडदा, कुंडी, फूल सगळे घमेल्यातून गेले. चौकट तेवढी राहिली. भोक थोडे वाकडेच पडले, समतोल बिघडला, आणि ताई राहिल्या. आता त्या इथे बसतात आणि काकूंशी एवढे बोलतात, की बाजार बंद व्हायची वेळ येते.

तरीही कुणी म्हणाले, "पूर्वीची खिडकी किती सुंदर होती," की मला मेल्याहून मेल्यासारखे होते.

मित्रांनो, घरे जरूर पाहा, कौतुकही करा. पण एखाद्या खिडकीला हाक मारलीत आणि ओ आली नाही, तर रागावून पुढे जाऊ नका. दार वाजवा, आत जाऊन बघा.