कुठल्या डोळ्यानं

कपाचा काठ नक्की कोणत्या रंगाचा होता? डावा डोळा उघडा ठेवून त्रिंबकनं पाहिलं तर कप पांढराशुभ्र, सावलीच्या बाजूला थोडी निळसर झाक मारणारा. मग डाव्यावर तळहात धरून उजव्यानं पाहिलं, आणि तोच कप – जागचा हललासुद्धा नव्हता – जुन्या वर्तमानपत्रासारखा पिवळट... पुन्हा डावा. पुन्हा उजवा. चहावर साय धरली तरी त्याचा हात खाली येईना.

"झाला का खेळ? म्हाताऱ्या माणसानं बारक्या पोरावाणी करावं का असं?" त्याची बायको अंबिका स्वयंपाकघरातून म्हणाली.

"अगं, हा कप कसला आहे?"

"चिनी मातीचा. अन् आता माझ्याच हातून फुटणार हाय."

त्याला हसू आलं, पण पुरतं नाही. गेल्या महिन्यात डाव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढला, तेव्हापासून घरात सगळं दोन-दोन झालं होतं: दोन कप, दोन भिंती, दोन अंबिका. आणि सकाळीच पुण्याहून दिपालीचा फोन, "पप्पा, डॉक्टर म्हणतात दुसरा डोळा सोमवारी करून टाकू. हो सांगू ना?" तो म्हणाला, संध्याकाळी कळवतो. "यात कळवायचं काय आहे?" लेकीनं विचारलं, आणि खरंच की, काय होतं? लोक डोळे मिळावेत म्हणून नवस बोलतात आणि हा शहाणा विचार करत बसलाय.

पण मागच्या खोलीत भिंतीला टेकून ती सगळी उभी होती ना, त्याची चित्रं. पिशोरचा, त्याच्या गावचा डोंगर. सकाळचा, भर दुपारचा, उन्हाळ्यात करपलेला. जन्मभर दुसरं काही काढलंच नाही म्हणा. मुंबईचे लोक त्या पिवळ्यापुढं उभे राहून मान डोलवायचे, मराठवाड्याचं ऊन बघावं तर या माणसाच्या कॅनव्हासवर, असं छापूनही आलं होतं. डाव्या डोळ्यानं पाहिलं की त्याच चित्रांवर कुणीतरी चहा सांडल्यासारखा वाटे. अरे, मग ते ऊन होतं की माझा मोतीबिंदू? डॉक्टर हसत म्हणाले होते, दहा-बारा वर्षं पिकत आला असेल हो. हसायला काय जातंय त्यांचं... बरं, डोळा पिवळा तर डोंगर पिवळा दिसणार आणि पाटीवर कालवलेला रंगही पिवळाच, म्हणजे चित्र बरोबर यायला हवं – पण मी डोंगरापुढं बसून कुठं काढलं? शहरात, या छावणीतल्या खोलीत बसून, आठवणीतून काढलं, आणि आठवण कुठल्या डोळ्यातली? शिवाय ट्यूबवरची नावं वाचायची नाहीत, रंग नजरेनं उचलायचा, ही त्याची ऐट. सोमवारी उजवा डोळाही साफ झाला की तो जुना पिवळा जगात कुणालाच दिसणार नव्हता, त्यालाही नाही. याची भीती वाटत होती, दुसरं काही नाही. पण डोळा साफ होण्याची भीती वाटते हे कोणत्या तोंडानं सांगायचं?

डोंगरच बघून येऊ, त्यानं ठरवलं. अंबिकानं धुळीचं नाव काढून बरीच आदळआपट केली, शेवटी काळा चष्मा नाकावर चढवून दिला, खिशात औषधाची बाटली कोंबली, आणि तो पिशोरच्या एसटीत बसला. वाटेत कपाशीची रानं दोन्ही डोळ्यांनी पाहून पाहून डोकं दुखायला लागलं.

डोंगराच्या पायथ्याशी धाकटा भाऊ अजिनाथ मेंढरं घेऊन उभा होता. त्रिंबक चित्रकलेसाठी शहरात गेला आणि मेंढरं अजिनाथच्या वाट्याला आली. पाच-सहा वर्षं झाली, अजिनाथनं त्याच्या घरी पाऊल टाकलं नव्हतं. शेवटी पोटदुखी, दुसरं काय, असं त्रिंबकनं मनाशी ठरवून टाकलं होतं. आपलं नाव झालं, ते त्याला बघवलं नाही.

"कसं काय येणं केलं?" अजिनाथनं काठीवरची हनुवटी न हलवता विचारलं.

"डोंगर बघायला."

"बघ की. हाय तिथंच हाय."

त्रिंबकनं चष्मा काढला. डाव्या डोळ्यात डोंगर राखाडी, कडेला जांभळट, अगदी परका. उजव्यात ओळखीचा, भाजलेल्या भाकरीच्या रंगाचा. कुठला खरा? बराच वेळ तो हात वर-खाली करत राहिला आणि काहीही कळलं नाही. कंटाळून त्यानं नजर खाली आणली, तर समोर पाठ करून चरणारी एक मेंढी. तिच्या ढुंगणावर कुळाची खूण. लोकर कातरली की बा नीळ कालवायचा, आणि दोघा भावांनी एकेक मेंढी धरून ठिपका द्यायचा, म्हणजे चारणीत दुसऱ्याच्या कळपात मिसळली तरी आपली ओळखू यावी. निळा ठिपका. त्यानं डावा डोळा झाकला. ठिपका हिरवा झाला.

त्याला एकदम एक चित्र आठवलं. पाच-सहा वर्षांपूर्वी गावच्या शाळेला त्यानं ते मोठं चित्र भेट दिलं होतं, डोंगर आणि पायथ्याला बाचा कळप. कार्यक्रमाला अजिनाथ फेटा बांधून आला होता आणि जेवणाआधीच उठून गेला होता.

"अजिनाथ, शाळेतल्या चित्रात... मेंढरांवरची खूण कसली आहे?"

"आत्ता इचारतोस व्हय?" अजिनाथची हनुवटी काठीवरून उचलली गेली. "हिरवी. धोंडिबाच्या कळपाची. समदं गाव हसलं मला. तुझ्या भावाला धोंडिबाची मेंढरं दिसली, बापाची नाय दिसली, म्हणून. ज्या धोंडिबानं बाला पाणवठ्यावर मेंढरं लावू दिली नव्हती, त्याची! मी म्हणलं, मोठा माणूस झालाय, इसरला आसंल."

"अरे, मी निळाच लावला होता! माझ्या डोळ्याला... मोतीबिंदूत निळं आणि हिरवं एकच दिसतं रे. देवाशपथ."

अजिनाथ त्याच्या तोंडाकडं बघत राहिला. खोटं बोलतोय की काय, हे तो मेंढी पारखावी तसं पारखत होता.

"म्हंजे तू इसरला नव्हतास?"

"नाही रे."

"मंग येड्या, सांगायचं की!"

"मला कुठं माहीत होतं? तू सांगायचंस."

"मी कशाला सांगू? थोरला तू हाईस." मग आवाज उतरवून, "चल शाळंत. तेवढी खूण निळी कर. बाकीचं ऱ्हाऊ दे, डोंगराचं कोण इचारतंय."

डोंगराचं कोण विचारतंय! त्रिंबकला मोठ्यानं हसावंसं वाटलं. हाच डोंगर खरा का खोटा म्हणून मी महिनाभर झोपलो नाही... त्यानं अजिनाथकडं पाहिलं. उजव्या डोळ्यात तो अजून तांबूस, धडधाकट, बासारखा. डाव्यात पांढऱ्या खुंटांचा, गालफडं बसलेला एक थकलेला म्हातारा, ओठ जरा वाकडे करून, उगीच दुसरीकडं बघत उभा. हा एवढी वर्षं दुखावलेला होता आणि मी त्याला पोटदुखी म्हटलं. ते दिसलं नाही, याचा दोष कोणत्या डोळ्यावर घालायचा? ते मोतीबिंदूतलं नव्हतं.

खिशात फोन वाजला. दिपाली.

"पप्पा, डॉक्टरांना आत्ताच सांगायचंय. हो ना?"

हो म्हणायला त्याचं तोंड उघडलं होतं. हो म्हटलं की सोमवारपासून हा तांबूस अजिनाथ नाहीच, दोन्ही डोळ्यांत म्हातारा. नाही म्हटलं तर डोळे दोन रंग सांगत राहणार, मग खूण निळी करायला हात कुठल्या डोळ्याच्या भरवशावर चालवायचा... आणि त्याला पहिल्यांदाच वाटलं, हो म्हटलं काय किंवा नाही म्हटलं काय, आपल्याला अजून नीट बघताच येत नाही.

"कोण, दिपाली व्हय?" अजिनाथनं विचारलं आणि फोनसाठी हात पुढं केला. "दे मला. काकाकडं आलोय म्हणून तरी सांगितलंस का पोरीला?"

त्रिंबकनं फोन त्याच्या हातात दिला आणि दोन्ही डोळे मिटून तो नुसता भावाचा आवाज ऐकत उभा राहिला.