उएलेसेकाकांच्या पाळीची प्रार्थना

नवी ऑपरेटिंग सिस्टिम येणार म्हणून आमच्या कचेरीत लग्नघाई चालली होती. शुक्रवारी सगळे संगणक बदलायचे, मग पाद्री येऊन आशीर्वाद देणार, मग जेवण. डुक्कर कोणाच्या घरून आणायचं यावर जोरदार वाद झाला होता. फुलांच्या माळांचं काम फिलोमेनाने अंगावर घेतलं होतं. "आता मशीन सुरू होईपर्यंत कोको उकळून गार व्हायला नको," असं ती येईल त्याला सांगत होती.

मला मात्र चीड येत होती.

सामोआतल्या आपिया बंदराजवळच्या या कचेरीत आम्ही गावोगावच्या सभांची ध्वनिमुद्रणं ऐकून टाइप करून देतो. सगळ्यांत अवघड, म्हणजे जुन्या वक्त्यांची भाषणं उएलेसेकाकांकडे जातात. काका जन्मापासून आंधळे. ते टाइप करतात आणि संगणकातला एक आवाज लिहिलेलं त्यांना वाचून दाखवतो. चूक झाली तर त्यांना ती ऐकून कळते. तो आवाज मुळात इंग्रजी. काकांनी वर्षानुवर्षं एकेक शब्द शिकवून त्याला सामोअन बोलायला लावलं आहे. गावांची नावं, पदव्या, आदराने बोलण्याचे शब्द, सगळं.

मी फिजीतल्या सुवाहून भौतिकशास्त्राची पदवी घेऊन नुकतीच इथे लागले होते. नवी सिस्टिम बसवायला ऑकलंडहून आलेल्या कॅलमने ती तपासायला म्हणून एक यंत्र माझ्याकडे दिलं. मी त्यावर काकांचा प्रोग्राम चढवला. तो सुरूच झाला नाही. मग एका वेळी एकच गोष्ट बदलत पुन्हा पुन्हा पाहिलं. आवाज नाही, आणि शिकवलेले शब्दही उघडेनात.

"काका, शुक्रवारनंतर तुमचा आवाज बंद पडणार," मी म्हणाले.

"माहीत आहे."

"माहीत आहे? मग बोलला का नाहीत?"

"कॅलमने सगळ्यांना बसवून विचारलं होतं, कुणाला काही अडचण? पण त्याआधीच लेमालू उठून बोलले होते. किती चांगली गोष्ट होते आहे, वगैरे. मग मी काय बोलणार? तुझा बाप बोलला असता?"

नसता बोलला. लेमालू कचेरीचे मालक आहेत, आणि त्यांच्या गावचे मताई, म्हणजे पदवीधारी प्रमुखसुद्धा. मताईंनी भरसभेत एखाद्या गोष्टीची स्तुती केली, की खालच्या माणसाने तिच्यात खोट काढायची नसते. सगळे मान खाली घालून गप्प बसले आणि कॅलमने ते गप्प बसणं होकार म्हणून धरलं.

मी कॅलमकडे गेले.

"कोणी हरकत घेतली नाही," तो म्हणाला.

"आमच्याकडे हरकत अशी घेतात का?"

"मला कसं कळणार? आणि हे बघ, नव्या सिस्टिममध्ये वाचणारा आवाज आहेच. जुन्यापेक्षा कितीतरी गोड."

काकांना बोलावून तो गोड आवाज ऐकवला. एका वक्त्याच्या भाषणाची सुरुवात त्याने अशी वाचली, की जणू कोणी विमानतळावर हरवलेल्या सामानाची घोषणा करतंय. फिलोमेना तोंडावर हात ठेवून हसली. काका हसले नाहीत.

"यात मी चूक केली तर मला कळेल?" त्यांनी विचारलं. "याला स्वतःलाच सामोअन बोलता येत नाही."

"तुम्ही फोन घ्यायचं काम करू शकता," कॅलम म्हणाला. वाईट हेतूने नाही, आणि त्याचाच जास्त राग आला.

"फोन?" काकांचा आवाज चढला. "मी सतरा गावांची भाषणं लिहितो, आणि आता मी 'हॅलो, थांबा हं' म्हणू?"

मग मी लेमालूंकडे गेले. त्यांनी नीट ऐकून घेतलं.

"विचारलं तेव्हा कोणी बोललं नाही."

"तुम्ही आधीच बोलला होतात ना, म्हणून."

त्यांनी चष्मा काढला. "पोरी, सुवाला हेच शिकवतात का? मोठ्यांची तोंडं बंद करायला?"

मी बाहेर येऊन काकांच्या मशीनची नेटवर्कची तार काढून पाहिली; आवाज चालूच राहिला.

आमच्या कचेरीत दिवसाची सुरुवात प्रार्थनेने होते, आणि ती म्हणायची पाळी आळीपाळीने येते. शुक्रवारी पाळी काकांची होती. माळा घालून सगळे उभे राहिलो, कॅलमही. डोळे मिटले.

"हे परमेश्वरा," काकांनी सुरुवात केली, "या सकाळबद्दल, या अन्नाबद्दल आणि लेमालूंच्या मोठेपणाबद्दल तुझे आभार."

"आमेन," फिलोमेना पुटपुटली.

"आणि परमेश्वरा, तुला ठाऊक आहे, लेमालूंना कोणीच सांगितलं नाही की आज माझं काम मरणार आहे. तुला ठाऊक आहे, सगळे गप्प बसले. मीही बसलो. मी भित्रा आहे. पण या पाहुण्याला माफ करू नकोस इतक्यात. तो म्हणतो, फोन घ्या. माझ्या हातून वक्त्यांचे शब्द गेले तर ते शब्द कोण सांभाळील, ते तूच त्याला विचार. मला उत्तर मिळालेलं नाही."

प्रार्थना चालू असताना मध्ये बोलायचं नसतं, मग तो मताई असो की पाद्री. मी एक डोळा किलकिला केला. लेमालूंचे डोळे घट्ट मिटलेले होते, आणि कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"आणि मला आज संताप आला आहे, त्याबद्दल मी क्षमा मागत नाही. आमेन."

"आमेन," सगळे चाचरत म्हणाले.

लेमालू कॅलमकडे वळले. "उएलेसेचं मशीन बदलायचं नाही."

"सुरक्षेच्या दृष्टीने जुनी सिस्टिम नेटवर्कवर ठेवता येत नाही."

"नेटवर्क काढून टाका," मी म्हणाले. "ध्वनिमुद्रणं मी रोज पेनड्राइव्हवर नेऊन देईन. मी करून पाहिलंय, चालतं."

"तसंच करा," लेमालू म्हणाले. मग काकांकडे पाहून, दातांत शब्द चावत, "आणि आजपासून तू प्रार्थना म्हणायची नाहीस."

"बरं."

जेवण झालं. डुक्कर उत्तम होतं असं सगळे म्हणत होते. काकांसाठी कोणी ताट वाढलं नाही. मी वाढून नेलं तर ते म्हणाले, "नको. पोट रागाने भरलंय."

"पण जिंकलात ना?"

"जिंकलो? हे मशीन आहे तोवर. त्याचा पंखा ऐकतेस? घरघरतोय तो." त्यांनी हेडफोन कानांवर चढवले. "पुढच्या वेळी तो कॅलम येईल, लेमालू पुन्हा आधी बोलतील, आणि माझ्याकडे प्रार्थनाही नसेल. जा, मला काम करू दे."