रायफलीच्या नळीतून आलेला मणी

ठक्... ठक्... ठक्.

लाकडी हातोड्याचा हा आवाज अजून माझ्या अंगात मुरलेला आहे. मी शिशाचा मणी बोलतोय. माझ्या अंगावर तिरप्या रेघा दिसतात ना, त्या कुठून आल्या ते सांगतो. जरा सावकाश ऐका. मी जड आहे, माझे बोलणेही जडच.

कोणत्या खाणीतून आलो ते मला ठाऊक नाही. आठवते ते पाणी. शहापूरजवळच्या एका गावात सेवकराम नावाचा शेतकरी होता. त्याच्या मासे धरायच्या जाळ्याच्या काठाला आम्ही भावंडे ओवलेली होतो. धानाच्या बांध्यांना, म्हणजे भातखाचरांना, लागूनच तलाव. सेवकराम अंगाला हिसका देऊन जाळे फेकी आणि आम्ही गोल पसरून तळाला जात असू. बुडणे हेच आमचे काम होते, आणि ते आम्ही मनापासून केले.

पुढे जाळे फाटले. सेवकरामने ते आढ्याला टांगले. माणूस फाटलेली वस्तू टाकत नाही आणि शिवतही नाही, नुसती वर टांगून ठेवतो. चुलीचा धूर खात मी तिथून घर पाहत राहिलो.

शेजारी एक रायफल टांगलेली होती. सेवकरामच्या वडिलांना ती धान राखण्यासाठी परवान्यावर मिळाली होती. वडील गेल्यापासून ती वाजली नव्हती, पण दसऱ्याला तिचा मोठा मान. सेवकराम राख आणि चिंच लावून नळी चांदीसारखी घाशी, मग हळदकुंकू वाही, झेंडूचा हार घाली. भक्तीने घासता घासता नळीवर कोरलेला मापाचा आकडाच झिजून गेला. कुणाच्या लक्षातही आले नाही. पूजेला आकडा कुठे लागतो?

एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर साल असावे. धान लोंबीवर आले आणि रानडुकरे बांधीत लोळू लागली. एके सकाळी सेवकरामने रायफल खाली काढली. वडिलांच्या डब्यात जुनी काडतुसे होती. वडील गावच्या जमीनदाराबरोबर, मालगुजाराबरोबर, शिकारीला जात, तेव्हा त्याच्या बंदुकांचीही काडतुसे त्याच डब्यात येऊन पडलेली. दिसायला सगळी सारखी. सेवकरामने एक रायफलीत सरकवून पाहिले.

"पाय वं, कसं बसलं! आज संध्याकाळी वाजवतो," असे म्हणत त्याने ते काढून सदऱ्याच्या खिशात टाकले.

त्याची बायको रुखमा धान पाखडत होती. तिने सूप खाली ठेवले. "माह्या काकाचंबी बसलंच होतं जी. नळी फाटली अन् डोळा गेला. माप पायल्याबिगर मी हे बंदूक उंबऱ्याबाहेर जाऊ देत नाही."

"बाबाची रायफल हाये. मले दगा देईल का थे?"

रुखमा वाद घालत बसली नाही. तिने शहापूरला आपल्या भावाला निरोप धाडला. भय्याजी फौजेतून निवृत्त होऊन भाताच्या गिरणीतली यंत्रे सांभाळत होता. दुपारी तो सायकलवर आला. पिशवीत जाडी मोजायचा चिमटा म्हणजे व्हर्निअर, पितळी सळई आणि लाकडी हातोडा.

"काहून साळेबाबू," सेवकराम म्हणाला, "पलटनीत बंदूक चालवली का नुसते बटाटे सोलले?"

"बटाटे सोलले म्हनून तर दोनी डोळे शाबूत हायेत, भाऊजी. आता नरम शिसं द्या. नळीतून काढतो अन् त्याचं माप घेतो."

रुखमाने वर पाहिले आणि जाळे खाली ओढले.

"अवं, जाळं कायले तोडतेस?"

"मासे मंग धरा. आधी डोळे सांभाळा."

लोखंडी पळीत आम्ही काही भावंडे वितळून एक झालो. कोरड्या मातीतल्या खळीत थंड झालो, तेव्हा मी नळीच्या तोंडापेक्षा थोडा जाड होतो. भय्याजीने रायफल रिकामी असल्याची खात्री केली, नळी मागूनही मोकळी व्हावी म्हणून मागचा खटका काढून ठेवला, नळीला तेल दिले आणि मला तोंडावर ठेवून हातोडा मारला. ठक्. माझी कड सोलून निघाली. मग सळईने तो मला हळूहळू आत लोटू लागला.

आत अंधार आणि तेलाचा वास. भिंतीला पीळ दिलेले चर होते, ते माझ्या अंगात रुतत गेले. दुखले, खोटे कशाला बोलू? पण मला तलाव आठवला. बुडताना असाच अंधार येई, आणि तळ लागला की बरे वाटे. दुसऱ्या टोकाला रुखमाने पदर धरला होता. मी त्यात पडलो.

भय्याजीने मला व्हर्निअरच्या चिमट्यात धरले आणि स्क्रू घट्ट आवळला. मला काढून चिमटा बहिणीच्या हाती दिला. "बाई, हे हाये नळीचं माप. याच्यातून गोळी गेली पायजे."

रुखमाने डब्यातली काडतुसे एकेक लावून पाहिली. काहींच्या टोकाच्या गोळ्या सुळकन गेल्या. काहींच्या अडल्या.

"पन रायफलीत तर सगळेच बसतात," सेवकराम पुटपुटला.

"बसतात. पन अडली ते गोळी नळीहून जाड हाये. तिले पुढं जायाले वाट नाही भेटली, तर नळी फाटते, भाऊजी."

अडलेली काडतुसे भय्याजीने ठाण्यात जमा करायला फडक्यात ठेवली.

आता मी देव्हाऱ्यात असतो. दसऱ्याला रायफल मऊ फडक्याने पुसतात, राख-चिंच बंद झाली. कुंकवाचे एक बोट मलाही लागते. जाळेही शिवून झाले, माझी उरलेली भावंडे पुन्हा तलावात बुडतात. माझे एकच मागणे आहे. जुन्या वस्तूवर माया करा, पण तिचे माप घ्यायला लाजू नका. त्याने मायेत काही उणे पडत नाही.

त्या संध्याकाळचे मात्र सांगायचे राहिले. भय्याजी फडक्याला गाठ मारणार, तेवढ्यात सेवकरामचा हात खिशाकडे गेला. सकाळचे काडतूस अजून तिथेच होते. त्याने ते काढले आणि चिमट्याला लावले.

गोळी अडली.

त्याने पुन्हा लावून पाहिले. रुखमा त्याच्या डोळ्यांकडे पाहत होती. त्याने काडतूस फडक्यात ठेवले. कोपऱ्यातला रिकामा टिनाचा डबा उचलला, तो बडवायला एक काठी घेतली आणि धानाच्या बांधीकडे चालू लागला.